मोठीमायची तांबडी

नोकरीत मी पंजाब पाहिला, राजस्थानची वाळू पाहिली, आणि शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात काढली. पेन्शनवर आलो तो सरळ माझ्या गावी. गाव वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात आहे, किन्हीराजापासून जवळच. लोकांना वाटतं, फौजी घरी आला म्हणजे त्याचं वैऱ्याचं तोंड पाहणं संपलं. माझ्या आणि माझ्या चुलतभावाच्या घरांमध्ये तुराट्यांचं कुंपण आहे. रोज सकाळी दात घासताना मला त्याचं तोंड दिसतं आणि त्याला माझं.

चुलतभावाचं नाव माणिक. माझ्यापेक्षा मोठा. त्याची आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आम्ही तिला मोठीमाय म्हणतो. तिला दोन मुलगे होते, माणिक आणि संदीप. संदीप धाकटा. मी सुट्टीवर आलो की तो माझे बूट घालून अंगणात परेड करायचा. बारावी झाल्यावर स्वतःच्या मनाने भरतीला गेला, धावला, निवडला गेला. ट्रेनिंग संपल्यावर नशिबाने माझ्याच बटालियनला आला, आणि नंतर माझ्याच सेक्शनमध्ये. मी तेव्हा हवालदार होतो.

तो डोंगरातल्या पोस्टवर गेला. त्याची पेटी तिरंग्यात गावी आली. पेटीबरोबर मी होतो.

अंत्यसंस्काराला सगळा तालुका लोटला होता. बिगुल वाजला, सलामी झाली. त्यानंतर माणिकने सगळ्यांसमोर माझी कॉलर धरली.

"तूनं नेलं त्याले. तू काहून जिता आला?"

मी युनिफॉर्ममध्ये होतो, हात उचलला नाही. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं. लग्नाचं आवतण नाही, पोळ्याला बैल दारात येणं नाही. मी पेन्शनवर आल्याच्या आठवड्यातच माणिकने ते कुंपण घातलं. मोठीमाय कुंपणापलीकडे दिसायची, पण मान वर करायची नाही. ती माझ्यावर रागावलेली होती की मुलाला घाबरत होती, हे मला कळायला मार्ग नव्हता.

तिच्याकडे चार-सहा गावरान कोंबड्या होत्या. त्यातली एक तांबडी. रंग तांबडा, म्हणून नावही तेच. बाकीच्या कोंबड्या कुंपणाला मानायच्या. तांबडी मानायची नाही. तुराट्यांच्या फटीतून घुसून ती आमच्या वांग्यांच्या वाफ्यात यायची आणि माती उकरायची. माझी बायको रेखा तिला हाकलायची, तेही मुद्दाम मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल असं.

"ज्याहीचं तोंड पाहाचं नाही, त्याहीच्या कोंबड्या कायले पोसाव्या आमी?"

पलीकडून माणिकची बायको भांडं आपटायची. हे रोजचं होतं.

पोळा होऊन गेला होता. सोयाबीन शेंगांवर होतं, पावसाची रिपरिप चालू होती, आणि माश्या फार झाल्या होत्या. मी सकाळची रनिंग संपवून फाट्यावरून घराकडे येत होतो. अंगणातून कोंबडीचा ओरडा ऐकू आला. तसा ओरडा एकदा ऐकला की माणूस चुकत नाही. मी धावलो. वाफ्यात एका कुत्र्याने तांबडीला पाठीत धरलं होतं आणि ते तिला झटके देत होतं. हाताला काठी आली. मी कुत्र्याच्या कमरेत घातली. त्याने कोंबडी टाकली आणि ते पळालं.

कुत्रं आमचं नव्हतं. पण रेखा त्याला शिळी भाकर टाकायची, म्हणून गावाच्या लेखी ते आमचंच.

माणिक कुंपणाशी आला तेव्हा त्याला दिसलं ते इतकंच: माझ्या हातात काठी, आणि माझ्या पायाशी रक्तात पडलेली त्याच्या आईची कोंबडी.

"कुत्रं सोडलं ना?"

"मी कुत्र्याले हाकललं."

"आज कोंबडीवर सोडलं. उद्या आमच्या लेकरायवर सोडशीन."

तो कुंपण मोडून आत आला. तांबडीला पायांना धरून उचललं आणि माझ्या दारात फेकलं. ती उंबऱ्याला आपटली.

"घे. कुत्र्यानं खाल्ली, आता तूबी खाय."

तोवर गल्लीतली माणसं जमली होती. कोणी मध्ये पडलं नाही. एकजण हसला सुद्धा. मोठीमाय तिच्या दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

लोक नंतर म्हणाले, हवालदाराच्या मनात दया फार. तसं काही नव्हतं. मी ती कोंबडी रागाने उचलली. ती मेली असती तर माणिकने जन्मभर सांगितलं असतं की दत्ताने, म्हणजे मी, भाऊ मारला आणि कोंबडीही मारली. मला ती जिवंत त्याच्या दारात नेऊन उभी करायची होती. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

युनिटमध्ये मी बॅटलफील्ड नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला होता. इन्फन्ट्रीतल्या काही जवानांना तो देतात. डॉक्टरपर्यंत पोहोचेस्तोवर जखमी माणूस जिवंत ठेवायचा, एवढं ते काम. कोंबडी मी कधी हाताळली नव्हती, पण सुरुवात तशीच केली. श्वास चालू आहे का? आहे. रक्त कुठून येतं? पाठीवरून. पाठीची कातडी एका बाजूने सुटून लोंबत होती, आतलं मांस दिसत होतं. मांडीच्या आत दातांची खोल भोकं होती. डावा पंख खाली पडला होता. डोळे अर्धे मिटलेले.

"रेखा, पाणी उकळ. मीठ टाक."

"त्याहीच्या कोंबडीसाठी?"

"पाणी उकळ."

"मरन ते. मेली तर आपल्या माथी, अन् जगली तरी कोणी चांगलं म्हणनार नाही. कायले हात लावता?"

पण तिने पाणी चुलीवर ठेवलं.

स्वच्छ कापडाने दाबून मी रक्त थांबवलं. मीठपाणी कोमट झाल्यावर जखम धुतली, माती आणि पिसं काढली, कडेची पिसं कात्रीने कापली. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते आधी हसले.

"हवालदार, गावरान हाये ना? मसाला वाटा."

"साहेब, औषध सांगा."

आवाज ऐकून ते गंभीर झाले. धुवायचं औषध, फवारायचं औषध, पाण्यातून द्यायची पावडर, सगळं नीट सांगितलं. म्हणाले, लोंबती कातडी जागेवर बसवा, अंधारात आणि उबेत ठेवा, दुसऱ्या कोंबड्यांजवळ जाऊ देऊ नका, त्या जखम टोचतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माशी बसू देऊ नका.

मी मालेगावला जाऊन औषधं आणली. टीव्हीचं जुनं खोकं होतं, त्यात पोत्याचा तुकडा अंथरला आणि खोकं मधल्या खोलीत ठेवलं. वरून मच्छरदाणीचं कापड. पंख अंगाशी जुळवून सैल पट्टीने बांधला. ती काही खाईना. ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब थेंब पाणी सोडत राहिलो. संध्याकाळपर्यंत तिने गिळायला सुरुवात केली. पुढच्या दिवशी ज्वारीच्या पिठाची पातळ पेज दिली. रेखा स्वयंपाकघरातून बघत होती.

"घरात वास येऊन राह्यला," ती म्हणाली. "माह्या माहेरी केनवडले कोंबड्या बाहेर राह्यतात. माणसं घरात."

मी ऐकून घेतलं. तिचं चूक नव्हतं.

बाहेर गावाने आपला निकाल लावला होता. चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं थांबायचं. एकाने विचारलं, "हवालदारसाब, रस्सा कसा झाला होता?" बाकीचे खाली बघून हसले. माणिकच्या बायकोने धुण्याचं पाणी आमच्या दाराच्या दिशेने सोडायला सुरुवात केली. माणिक तंटामुक्तीच्या अध्यक्षांकडे जाऊन आला, की फौजी कुत्री सोडतो, आम्हाला जिवाची भीती आहे. अध्यक्षांनी मला बोलावलं. म्हणाले, माफी माग, मिटवून टाक. मी म्हणालो, केलं नाही त्याची माफी मागणार नाही. ते म्हणाले, फौजेतली अकड गावात चालत नाही. मी उठून आलो.

एका सकाळी माणिक दोघांना घेऊन दारात आला. मी जखमेवर औषध लावत होतो.

"कोंबडी दे."

"बरी झाली की देतो."

"मेली असन. खाल्ली असन तूनं."

मी खोकं उचलून दारात आणलं. कापड बाजूला केलं. तांबडीने मान वर केली. माणिकने वाकून खोक्यात पाहिलं. मग म्हणाला, "आमची हाये. दे. आमी कापू, नाहीतर फेकू. तुले काय करा लागते?"

"कापासाठी देनार नाही. चालाले लागली की घेऊन जाय."

तो एक पायरी चढला. त्याच्या हातात उभारी होती, बैलगाडीच्या कडेला खोचतात तो दांडा. बरोबरचे दोघे मागे सरकले. मी सरकलो नाही. माझ्या एका हातात खोकं होतं आणि दुसऱ्या हातात औषधाचा कापूस. उभारी उचलली असती तर मला मार चुकवता आला नसता. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो.

त्याने उभारी उचलली नाही. म्हणाला, "संदीपले वाचवलं नाही. कोंबडी वाचवून राह्यला."

आणि पायरी उतरून गेला.

मी खोकं आत ठेवलं. उरलेली जखम पुसली. फवारा मारला. कापूस चुलीत टाकला. मग मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिलो. त्या दुपारी रेखा पहिल्यांदा स्वतःहून ज्वारी भरडायला बसली.

त्यानंतर दोन दिवस तांबडी बरी दिसत होती. उभी राहायला लागली होती. तिसऱ्या दिवशी तिने खाणं सोडलं. खोक्यातून वेगळाच वास येत होता. पाठीची जखम सुकत होती, म्हणून माझं लक्ष तिथेच राहिलं होतं. रेखाने तिला उलटं धरलं आणि मांडीच्या आतली भोकं उजेडात आणली.

"हे पाहा."

भोकात अळ्या वळवळत होत्या. कापडाच्या कुठल्यातरी फटीतून माशी आत गेली होती.

मी म्हणालो, "टॉवेलात गुंडाळ. पाय मोकळा ठेव. घट्ट धर."

तिने धरली. मी मीठपाण्याने भोक धुवायला घेतलं आणि चिमट्याने एक एक अळी काढायला लागलो. अळ्या आत पळतात. थांबावं लागतं, परत वर यायची वाट बघावी लागते. कोंबडी सुरुवातीला धडपडली, मग तिचा जोर गेला. एकच भोक मी परत परत धूत होतो.

"तेच भोक कितीकदा धुता?"

"धर."

"धरलंच हाये मी." थोड्या वेळाने ती म्हणाली, "माणिकदादाचं बोलनं मनावर घेऊ नका."

मी पुढची अळी धरली. आम्ही दोघं ऊन दारातून सरकून भिंतीवर जाईपर्यंत तिथे बसलो. शेवटी भोकातून स्वच्छ रक्त आलं. डॉक्टरांना परत फोन केला. ते म्हणाले, हेच करायचं होतं, आता रोज उलटून बघा. रेखाने स्वतःची नवी ओढणी फाडून खोक्यावर दुहेरी बांधली. मच्छरदाणीचं कापड तिने फेकून दिलं आणि मला बावळट म्हणाली.

तांबडी जगली. पाठीवर नवी कातडी धरली. पंख थोडा खालीच राहिला. पहिल्यांदा खोक्याबाहेर ठेवली तेव्हा पाच-सहा पावलं लंगडत चालली आणि रेखाच्या सुपात चढून बसली. रेखाने तिला शिवी दिली, पण हाकललं नाही.

मी ठरवलं होतं की सगळ्या गल्लीसमोर तिला माणिकच्या दारात नेऊन सोडायचं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. चांगलं बोलणं नव्हतं ते.

तशी वेळ आली नाही. त्या दिवशी दुपारी माणिक कामासाठी वाशीमला गेला होता. कुंपणाच्या मोडलेल्या भागातून मोठीमाय आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती आता फार वाकली आहे. रेखाने पाट टाकला. मी तांबडी आणून तिच्यासमोर ठेवली. मोठीमायने तिच्याकडे एकदा पाहिलं, पाठीवरून हात फिरवला.

"बरी केली रे तूनं."

"हो."

"मले सांग, दत्ता." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तू होता ना त्याच्याजवळ?"

कोंबडीविषयी ती बोलत नव्हती, हे समजायला मला क्षण लागला.

"होतो."

"दुखलं का त्याले?"

चितेजवळ सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की त्याला काही कळलंच नाही, जागच्या जागी गेला. पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलं, नातेवाइकांनी सांगितलं. मला कोणी विचारलं नव्हतं. मला तिच्यापर्यंत जाऊही दिलं नव्हतं.

"दुखलं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "मले मालूम होतं. माय हाये मी. सांग."

मी तिला रिपोर्ट देतात तसं सांगितलं. मला दुसऱ्या रीतीने येत नाही. सकाळची पेट्रोल होती, म्हणजे गस्त. आम्ही आठजण. धुकं होतं. ओढ्याच्या वरच्या वळणावर फायर आला. आम्ही आड घेतली, उलट फायर दिला. संदीप उजव्या बाजूला होता. त्याने एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालू ठेवली, म्हणून बाकीचे मागे सरकू शकले. ग्रेनेडचं स्प्लिंटर त्याच्या पोटात गेलं. मी त्याला ओढून दगडामागे आणलं, ड्रेसिंग बांधलं. रेडिओवर मागितलं, एक कॅज्युअल्टी, सिरियस, हेलिकॉप्टर पाहिजे, ओव्हर. उत्तर आलं, वेदर खराब, हेलिकॉप्टर नाही, खाली आणा, ओव्हर. आम्ही स्ट्रेचर केला आणि निघालो.

"पाणी मांगलं का?"

"मांगलं."

"देलं?"

"नाही. पोटाची जखम होती, मोठीमाय. पोटाच्या जखमेत पाणी देत नाहीत. कापड ओलं करून ओठाले लावत होतो."

"पाणीबी नाही देलं?"

हा आवाज माणिकचा होता. तो वाशीमहून आला होता आणि कुंपणाशी उभा होता, पिशवी अजून हातात. किती वेळ ऐकत होता कोण जाणे. चेहरा पांढरा झाला होता.

"तहानेला मारलं तूनं त्याले! माय, ऊठ तठून. बाहेर ये."

"येतो," मोठीमाय म्हणाली. "पह्यले याचं ऐकू दे."

"माय!"

"चूप बस, माणक्या. इतके वर्स तूच बोलला."

माणिक आत आला नाही आणि गेलाही नाही. मी पुढे सांगितलं. तो ऐकत होता हे मला माहीत होतं, म्हणून आवाज कमी केला नाही. वाट उताराची होती, निसरडी होती. चौघं उचलत होते, मी बाजूने जखम दाबून चालत होतो. संदीप शुद्धीत होता. विव्हळत होता, मग लाज वाटून गप्प व्हायचा. मधे एकदा त्याने विचारलं, माझी एलएमजी कोणाजवळ आहे. मी सांगितलं, मागे आणून राह्यले. खाली बेस दिसायला लागला तेव्हा त्याचा आवाज गेलेला होता. मी कान जवळ नेला.

मोठीमायने विचारलं, "काय म्हने?"

"म्हने, भाऊ, बाकीचे ठीक हायेत ना?"

"मंग?"

"मी म्हटलं, सारे ठीक हायेत. तूनं काढले त्याहीले बाहेर."

"ऐकलं का त्यानं?"

"ऐकलं. मान हलवली."

मोठीमाय रडली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून उठली, तांबडीला काखेत धरलं आणि कुंपणाकडे निघाली. माणिकने वाट सोडली. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, आणि मी मागितलीही नाही. तो आजही माझ्याशी बोलत नाही. मोडलेलं कुंपण त्याने दुसऱ्याच दिवशी परत बांधलं, आधीपेक्षा दाट. टपरीवरही मी गेलो की अजून शांतता होते.

फाट्यावर संदीपच्या नावाची कमान आहे. तिच्यावर नाव आहे, हुद्दा आहे, गाव आहे. तो चोवीस वर्षांचा होता. तो उंच होता आणि त्याला थंडी सहन होत नव्हती. मला धरून माझ्या सेक्शनमधले सातजण त्या दिवशी जिवंत खाली आले. त्यांतले काही अजून नोकरीत आहेत, काही माझ्यासारखे घरी, सगळ्यांना मुलंबाळं आहेत. फोन केला की शेवटी सगळे त्याच्याच विषयावर येतात. सिपाही संदीप. ड्युटीवर गेला आणि ड्युटी पूर्ण केली.